वायपर काचेच्या मधोमध का थांबतो?

पावसाळा तोंडावर आला की ट्रकचे टायर पाहिले जातात, ताडपत्री पाहिली जाते, हप्त्याची तारीख तर बारा महिने डोळ्यांसमोर असते. वायपरकडे मात्र पहिली सर येईपर्यंत कुणी पाहत नाही. आमच्या वस्तीत ट्रकवर पोट भरणारी काही घरे आहेत. त्यांतल्या एका घरी स्वतःची गाडी आहे. नाकवाली जुनी टाटा, कितव्या हातची ते आता मालकांनाही सांगता येत नाही. तिच्या वायपरचे बटण बदलायचे ठरले तेव्हा आम्हीही शेजारी म्हणून जाऊन बसलो. जे पाहिले ते अशा घरांच्या उपयोगी पडेल, म्हणून लिहीत आहोत.

तक्रार वरवर साधी होती. मूळचे बटण जळाले तेव्हा रस्त्यावरच्या एका कारागिराने त्या जागी चालू-बंद असे साधे बटण बसवून दिले. वायपर चालू लागला, पण बंद केला की पाते असेल तिथेच उभे! कित्येकदा नेमके चालकाच्या डोळ्यांसमोर. मालकांनी त्यावर युक्ती शोधली होती. पाते खाली आले की झटकन बटण दाबायचे. म्हणजे घाटात समोरून दिवे येत असताना एक हात स्टिअरिंगवर, दुसरा बटणावर आणि नजर रस्त्याऐवजी पात्यावर. "चालतंय की भाऊ, उगाच कशाला उघडायचं?" असे त्यांचे म्हणणे. घरच्या बाईंनी मात्र हट्ट धरला. रात्री-अपरात्री गाडीची वाट पाहत बसणारी त्याच ना!

बॅटरीची निगेटिव्ह तार काढून डॅशबोर्ड उघडला, तर वायपरचा दोष दुय्यम ठरावा असे काहीतरी दिसले. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली होती. पात्यावर चिखल साचून मोटार अडली की ती कितीतरी जास्त करंट ओढते. अशा वेळी फ्यूजने जळून मोटार आणि तारा वाचवायच्या असतात. चांदी जळत नाही, मग तार तापते, तिचे प्लास्टिक वितळते. एका तारेवरचे वेष्टण खरोखरच काळे पडले होते. केबिनमध्ये येणारा तो वास डिझेलचा नव्हता, हे त्या दिवशी कळले.

आता मूळ मुद्दा. आधीच्या कुणा मालकाने या गाडीला दोन गतींची, पाच तारांची मोटार बसवलेली होती. एक तार अर्थची, एक चावीवरून फ्यूजमार्गे येणारी करंटची, एक हळू गतीची, एक जलद गतीची. पाचवी तार मोटारीच्या आतल्या पार्किंग-स्विचची. साध्या बटणाने हिचीच वाट लावली होती. तिचे टोक टेप गुंडाळून लोंबत ठेवले होते.

या पाचव्या तारेत पाते काचेवर मध्येच असेपर्यंत करंट असतो. पाते खाली आपल्या जागेवर आले की मोटारीतला चकतीवरचा संपर्क फिरतो, करंट तुटतो आणि तीच तार अर्थला जोडली जाते. म्हणून खऱ्या बटणात "बंद" म्हणजे नुसते तोडणे नव्हे. बंद करताच पाचवी तार आणि हळू गतीची तार आतून एक होतात. मोटार पाचव्या तारेच्या करंटवर उरलेले अंतर चालते, जागेवर येते आणि तिथे दोन्ही टोके अर्थला मिळाल्याने घसरत न जाता गच्च थांबते.

आम्ही हे कागदावर चितारत असताना त्यांची मुलगी, जी आयटीआयत इलेक्ट्रिशियनचे शिकते, पटकन म्हणाली, "पप्पा, हा तर जिन्यातला टू-वे स्विच!" अगदी तसेच आहे. एक मधला पॉइंट, जो कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला. घरातला स्विच मात्र गाडीत घालू नये. तो एसी करंटसाठी बनवलेला असतो, डीसीच्या ठिणगीने लवकर जळतो. तिने जुन्या बाजारातून वायपरचेच चार पॉइंटचे बटण आणवले.

जोडण्याआधी तारा ओळखणे आले. जुन्या गाडीत रंगावर विश्वास ठेवू नये. हाताशी आली ती तार जोडण्याची आपल्याकडे रीत आहे. मुलीने पाने आर्मवरून काढून ठेवले, बॅटरी जोडून चावी दिली आणि फ्यूज असलेल्या तारेने एकेका टोकाला करंट देऊन पाहिला. एकावर मोटार संथ फिरली, दुसऱ्यावर भरभर. हा करंट पाचव्या तारेला कधीही द्यायचा नाही. ती अर्थवर असली तर सरळ शॉर्ट. तिची परीक्षा टेस्ट लॅम्पने. मोटार मध्येच थांबवली तर दिवा लागतो, जागेवर आली की विझतो. हळू आणि जलद तारा एकमेकींना चिकटू देऊ नयेत, तेही एक प्रकारचे शॉर्टच.

फ्यूजचा हिशेब मात्र आमच्या आवडीचा. वॅट भागिले व्होल्ट. 60 वॅटची मोटार 12 व्होल्टवर 5 अँपियर घेते, 24 व्होल्टवर अडीच. फ्यूज त्याहून थोडा वरचा, पण तारेला पेलेल इतकाच. दोन बॅटऱ्या दिसल्या म्हणजे 24 व्होल्ट असे धरून चालू नये, त्या समांतरही जोडलेल्या असतात. मीटर लावून पाहावे.

वायपर ही चैन नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये तो शक्तीवर चालणारा आणि नीट काम करणारा असावा असे बजावले आहे. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला तर फिटनेस दरवर्षी करून घ्यावा लागतो. (जाता जाता, आतून हाताने फिरवायच्या वायपरचे पेटंट 1903 साली अमेरिकेत मेरी अँडरसन या बाईंनी घेतले. पैसा मात्र त्यांना मिळाला नाही.)

सगळा खर्च बटण, फ्यूज आणि थोडी तार एवढाच झाला. जळकी तार तुकडा न जोडता पूर्ण बदलली. पाने परत बसवून काचेवर बादलीभर पाणी ओतले, कारण कोरड्या काचेवर रबर फाटते. मालकांनी बटण चालू केले, पाते वर गेल्यावर मुद्दाम मध्येच बंद केले. ते सावकाश खाली आले आणि कडेला जाऊन निजले. त्यांनी तसे चार वेळा करून पाहिले, पाचव्या वेळी मुलीने हात धरला.

पहाटे गाडी विटा भरायला गेली. हॉर्नच्या तारा अजून तशाच लोंबत आहेत. त्या पुढच्या रविवारी.