लोकवर्गणी आता मोबाईलवर : देण्याआधी थोडे जाणून घेऊ



गेल्या पावसाळ्यात आपल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक आवाहन फिरत होते. एका लहान मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे हवेत, सोबत रुग्णालयातील छायाचित्र आणि पैसे पाठवण्यासाठी क्यूआर कोड. आम्हा संपादक मंडळातील तिघांनी ते वाचले, मन हेलावले, आणि काहीही चौकशी न करता पुढे पाठवले. सातवीच्या मुलांनी तर खाऊचे पैसे साठवून एका पालकांमार्फत १,१०० रुपये दिले. आठवड्याभराने एका माजी विद्यार्थ्याने शोध घेतला, तेव्हा कळले की छायाचित्र खरे, मुलीचा आजारही खरा; पण आवाहन दोन वर्षांपूर्वीचे होते आणि त्यावरचा क्यूआर कोड कोणीतरी बदललेला होता. पैसे कोणाच्या खिशात गेले ते आजतागायत समजले नाही.

सातवीतल्या एका मुलीने आम्हाला विचारले, “मग आता कोणाला मदत करायचीच नाही का?” तिला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे. शिवाय आपल्या प्रयोगशाळेच्या छताच्या दुरुस्तीसाठी इंटरनेटवरून निधी जमवावा, अशी सूचना विश्वस्तांपुढे आली आहे. तेव्हा हा विषय देणाऱ्यांनी आणि मागणाऱ्यांनीही समजून घ्यायला हवा.

नाव नवे, चाल जुनी

पुष्कळ लोकांनी थोडे थोडे देऊन एखादे काम उभे करायचे, याला आज क्राउडफंडिंग म्हणतात. आपण त्याला वर्गणी म्हणतो, आपले गुजराती शेजारी फाळो म्हणतात. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात गणपतीची वर्गणी मागायला येणारी मुले हेच करीत आली आहेत.

विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी ‘पैसा फंड’ ही कल्पना मांडली. माणशी वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभा करायचा. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि या निधीतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला. अमेरिकेतही असेच एक उदाहरण आहे. फ्रान्सने दिलेल्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याला चौथरा बांधायला पैसे नव्हते. १८८५ मध्ये जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या वृत्तपत्रातून आवाहन केले. पाच महिन्यांत सव्वा लाखाच्या आसपास लोकांनी मिळून एक लाखाहून अधिक डॉलर जमवले. बहुतेकांची देणगी एका डॉलरहूनही कमी होती, आणि देणाऱ्यांची नावे वृत्तपत्रात छापली जात होती.

आपल्या अगदी जवळचे उदाहरण म्हणजे १९७६ चा ‘मंथन’ हा चित्रपट. श्याम बेनेगल यांचे दिग्दर्शन, विजय तेंडुलकर यांची पटकथा, आणि पैसा कोणाचा? गुजरातमधील सहकारी दूध संघांच्या पाच लाख शेतकऱ्यांचा, प्रत्येकी दोन रुपये! चित्रपट लागल्यावर हेच शेतकरी ट्रक भरभरून तो पाहायला गेले. २०२४ मध्ये त्याची नव्याने स्वच्छ केलेली प्रत फ्रान्समधील कान महोत्सवात दाखवली गेली.

या तिन्ही उदाहरणांत मागणारा ओळखीचा होता आणि काम लोकांच्या डोळ्यांसमोर होते. इंटरनेटने हात लांबवर पोहोचवला, पण ही ओळख मात्र तुटली. फायदा आणि धोका दोन्ही तेथूनच सुरू होतात.

चार प्रकार

क्राउडफंडिंग म्हणून आज जे चालते, त्याचे चार प्रकार आहेत.

पहिला प्रकार दानाचा. उपचार, शिक्षण, पूरग्रस्तांना मदत यांसाठी द्यायचे आणि परतफेडीची अपेक्षा ठेवायची नाही. भारतात मिलाप, केट्टो यांसारखे मंच या प्रकारासाठी ओळखले जातात. २०२१ मध्ये महाराष्ट्रात आणि गुजरातेत एका दुर्मिळ स्नायुविकाराच्या काही बालकांसाठी सुमारे १६ कोटी रुपयांचे औषध परदेशातून मागवायचे होते. हजारो अनोळखी लोकांनी ती रक्कम जमवून दिली. औषध मिळूनही प्रत्येक बालक वाचले असे नाही, हेही सांगायला हवे; पण एकट्या कुटुंबाला ही रक्कम जमवणे अशक्यच होते.

दुसरा प्रकार भेटवस्तूचा. एखादा कारागीर, लेखक किंवा यंत्र बनवणारा म्हणतो, “आधी पैसे द्या, वस्तू तयार झाली की पहिल्यांदा तुम्हाला पाठवतो.” अमेरिकेत २००९ मध्ये सुरू झालेला किकस्टार्टर हा मंच याच पद्धतीचा आहे. ठरलेल्या मुदतीत ठरलेली रक्कम पूर्ण जमली तरच तेथे पैसे कापले जातात, नाहीतर कोणाचेच कापले जात नाहीत. इतर काही मंचांवर मात्र जमेल तेवढे मागणाऱ्याला मिळते. आपण देतो त्या ठिकाणी कोणता नियम आहे, हे आधी पाहावे.

तिसरा प्रकार कर्जाचा. अनेकांनी थोडे थोडे देऊन एखाद्याला व्याजाने कर्ज द्यायचे. यासाठी रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये नियम केले. तिच्याकडे नोंदलेल्या कंपनीलाच हा व्यवसाय करता येतो, आणि एका व्यक्तीने एकाच कर्जदाराला ५०,००० रुपयांहून अधिक देता येत नाही. कर्ज बुडाले तर तोटा सर्वस्वी देणाऱ्याचा. मंचाला ‘पैसे परत मिळण्याची हमी’ देता येत नाही. कोणी हमी देत असेल, तर तीच धोक्याची घंटा समजावी.

चौथा प्रकार कंपनीतील भागीदारीचा. यावर सेबीने २०१४ मध्ये चर्चापत्र काढले होते. पुढे २०१६ मध्ये, परवानगी नसलेल्या अशा इंटरनेट मंचांपासून सावध राहा, असा इशारा गुंतवणूकदारांना दिला. तेव्हा “आमच्या नव्या कंपनीत दहा हजार टाका, मालक व्हा” असा संदेश आला तर त्याला दान किंवा वर्गणी समजू नये. तो गुंतवणुकीचा व्यवहार आहे आणि त्याला शेअर बाजाराचे कडक कायदे लागतात.

शंभरातले किती पोहोचतात?

आपण दिलेला सगळाच रुपया कामापर्यंत जात नाही. वरच्या वर्गातील मुलांनी हे गणित सोडवून पाहावे. समजा एका मंचावर १,००,००० रुपये जमले. मंचाचे शुल्क ५ टक्के, म्हणजे ५,००० रुपये. पैसे वळते करण्याचा खर्च ३ टक्के, म्हणजे ३,००० रुपये. या ८,००० रुपयांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,४४० रुपये. एकूण ९,४४० रुपये वजा होऊन हाती राहिले ९०,५६० रुपये. हे दर उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक मंचाचे दर निराळे असतात. काही ठिकाणी शुल्क शून्य असते, पण पैसे देताना मंचासाठी ‘टिप’ आधीच जोडलेली असते. ती द्यायची नसेल किंवा कमी द्यायची असेल, तर आपल्याला बदलावी लागते.

यात गैर काही नाही. मंच चालवायला खर्च येतोच. प्रश्न एवढाच, की तो आपल्याला आधी स्पष्ट सांगितला आहे का?

धोके कोठे आहेत?

पहिला धोका उघड फसवणुकीचा. मार्च २०२० मध्ये पीएम केअर्स निधी जाहीर होताच, खऱ्या यूपीआय पत्त्यातले एकच अक्षर गाळून बनवलेला खोटा पत्ता पसरवण्यात आला. घाईत वाचणाऱ्याला फरक कळणे कठीण होते. आमची स्वतःची फसगतही अशाच घाईतून झाली.

दुसरा धोका रचलेल्या कहाणीचा. २०१७ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात एका जोडप्याने सांगितले की रस्त्यात गाडीचे पेट्रोल संपले, तेव्हा एका बेघर माणसाने आपले शेवटचे वीस डॉलर खर्चून आम्हाला मदत केली. त्याच्यासाठी सुमारे १४,००० लोकांनी चार लाख डॉलर दिले. पुढच्या वर्षी उघड झाले की तिघांनी मिळून ही गोष्ट रचली होती. मंचाने देणाऱ्यांचे पैसे परत केले आणि गुन्हेही सिद्ध झाले. कहाणी जितकी गोड, तितकी ती एकदा तपासून घ्यावी.

तिसरा धोका सर्वांत कमी ओळखला जातो, तो म्हणजे प्रामाणिक अपयश. २०१५ मध्ये वेल्समधील एका कंपनीने ‘झानो’ नावाचे छोटे उडते कॅमेरा-यंत्र बनवण्यासाठी सुमारे १२,००० लोकांकडून २३ लाख पौंडांहून अधिक रक्कम जमवली. त्याच वर्षी कंपनी बुडाली आणि बहुतेकांच्या हाती काहीच आले नाही. नंतरच्या तपासात दिसले की दोष चैनीपेक्षा अननुभवाचा होता. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील प्राध्यापक ईथन मॉलिक यांच्या २०१५ च्या अभ्यासानुसार, किकस्टार्टरवर पैसे जमलेल्या प्रकल्पांपैकी ९ टक्क्यांनी कबूल केलेली वस्तू दिली नाही. म्हणजे बहुतेक लोक शब्द पाळतात; पण दुकानातून वस्तू घेणे आणि ती बनण्याआधीच पैसे देणे यांत फरक आहे.

चौथा धोका मागणाऱ्याचा. आजारी मुलाचे छायाचित्र, त्याचे वैद्यकीय कागद एकदा इंटरनेटवर गेले की परत येत नाहीत. मूल बरे होऊन शाळेत येऊ लागले तरी ते छायाचित्र फिरतच राहते. आमच्याकडे आलेल्या आवाहनातही त्या मुलीचा चेहरा तिच्या नकळत कोणा लबाडाने वापरला. फसलो ते आम्ही, पण अन्याय तिच्यावरही झाला.

विश्वस्तांसाठी दोन शब्द

संस्थेने निधी मागायचा तर काही पथ्ये पाळावी लागतील. आयकरातील देणगीची सवलत, जी वर्षानुवर्षे ‘८०जी’ या नावाने ओळखली जाते, ती मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवरच मिळते. एखाद्या व्यक्तीला केलेल्या मदतीवर नाही. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीला ती मिळत नाही, आणि नवी करपद्धती निवडणाऱ्या देणगीदारालाही मिळत नाही. “सवलत मिळेल” असे सरसकट छापणे त्यामुळे योग्य नाही.

आपले अनेक माजी विद्यार्थी परदेशी आहेत. त्यांच्यापैकी जे भारतीय नागरिक आहेत, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. ज्यांनी तेथील नागरिकत्व घेतले आहे, त्यांची देणगी मात्र परदेशी ठरते, मग ते जन्माने बडोद्याचे का असेनात. ती घेण्यासाठी केंद्र सरकारची वेगळी नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते. उघड्या आवाहनात कोण कोठून पैसे पाठवील याचा नेम नसतो, म्हणून ही तजवीज आधीच करावी.

आमची विनंती अशी की छतासाठी आवाहन काढायचे झाल्यास अंदाजपत्रक, संस्थेच्या नावाचेच खाते, कमी रक्कम जमल्यास काय करणार आणि जास्त जमल्यास काय करणार, या चार गोष्टी त्यात लिहिलेल्या असाव्यात. काम झाल्यावर हिशोब याच पानांवर छापावा. पुलित्झर यांनी देणाऱ्यांची नावे छापली. आपण खर्चही छापू.

पैसे पाठवण्यापूर्वी

* आवाहन कोणी, केव्हा काढले? मूळ पान स्वतः शोधून उघडावे. पुढे ढकललेल्या क्यूआर कोडवर विसंबू नये.
* पैसे देताना पडद्यावर दिसणारे खातेदाराचे नाव वाचावे. नाव भलतेच असेल तर थांबावे.
* उपचारासाठी असेल तर रुग्णालयाला दूरध्वनी करावा. क्रमांक आवाहनातला न घेता स्वतः शोधलेला असावा. शक्य असल्यास थेट रुग्णालयाच्या खात्यात पैसे भरावेत.
* ‘पैसे परत मिळवण्यासाठी पिन टाका’ असे कोणी म्हटले तर ती फसवणूकच आहे. पैसे घेताना पिन लागत नाही.
* जेवढे गेले तरी घर अडणार नाही, तेवढेच द्यावे.
* मुलांनी घरातील मोठ्यांना विचारल्याशिवाय काहीही पाठवू नये.
* फसगत झाल्यास लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितके पैसे हातातून निसटतात. आम्ही संकोचाने आठ दिवस घालवले, ही आमची चूक.

असो. सातवीतल्या त्या मुलीला आमचे उत्तर असे : बाळ, मदत जरूर करायची. तुमचे १,१०० रुपये चुकीच्या हाती पडले, पण ते देण्याची तुमची बुद्धी चुकीची नव्हती. चूक झाली ती आम्हा मोठ्यांची, ज्यांनी न तपासता ते पुढे पाठवले. यापुढे या गटावर कोणतेही आवाहन टाकण्याआधी संपादक मंडळातील दोघेजण त्याची शहानिशा करतील, असे आम्ही ठरवले आहे. आणि पुढच्या खऱ्या गरजूसाठी सातवीच्या डब्यात पहिले १,१०० रुपये आम्ही घालत आहोत.