गोपनीय कागद: मालकी की ठेव?

आजचा विषय कायद्याचा वाटेल, पण मुळात तो नीतिशास्त्राचा आहे. सरकारचा गोपनीय कागद ज्याच्या हाती कामापुरता दिला, त्याचं त्या कागदाशी नातं कोणतं? मालकाचं, की ठेव सांभाळणाऱ्याचं?

आपण उदाहरण अमेरिकेचं घेऊ, कारण तिथे हा प्रश्न पन्नास वर्षं पुन्हा पुन्हा उभा राहिला आहे. पूर्वी तिथे रूढीच होती की राष्ट्राध्यक्षाचे कागद ही त्याची खासगी मालमत्ता. १९७४ साली वॉटरगेट प्रकरणात निक्सन यांनी राजीनामा दिला आणि ध्वनिफितींवर आपला हक्क सांगितला. आता बघा, त्या फिती म्हणजेच तर पुरावा! संसदेने त्याच वर्षी कायदा करून निक्सन यांचे कागद आणि फिती सरकारच्या ताब्यात ठेवल्या. पुढे १९७८ मध्ये सर्वांसाठीच नियम झाला, तो १९८१ पासून लागू आहे. राष्ट्राध्यक्षाच्या कामकाजाचे कागद राष्ट्राचे; मुदत संपली की ताबा राष्ट्रीय अभिलेखागाराकडे.

गोपनीय कागदांना याशिवाय १९१७ चा हेरगिरीविरोधी कायदा लागतो. नाव हेरगिरीचं, पण त्यात फक्त हेर सापडतात असं नाही. संरक्षणविषयक कागद अधिकार नसताना जाणूनबुजून जवळ ठेवणं आणि योग्य अधिकाऱ्याकडे न सोपवणं हाही त्यात गुन्हा आहे. आपल्याकडच्या १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याचं पाचवं कलमही जवळपास हेच सांगतं. आणि कागद म्हणजे केवळ शिक्का मारलेली फाइल नव्हे, बरं का. जनरल पेट्रेयस यांच्या हातच्या वह्यांत गोपनीय मजकूर होता. त्या त्यांनी घरी ठेवल्या, चरित्रलेखिकेला दाखवल्या. २०१५ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला आणि त्यांना १ लाख डॉलर दंड झाला. अक्षर आपलं म्हणून मजकूर आपला होत नाही.

आता तीन अलीकडची प्रकरणं शेजारी ठेवू. माजी उपराष्ट्राध्यक्ष पेन्स यांच्या घरी जानेवारी २०२३ मध्ये काही गोपनीय कागद निघाले. त्यांनी कळवलं, कागद परत गेले, चौकशी आरोपाविना संपली. बायडन यांचे कागद त्यांच्याच वकिलांना सापडले, त्यांनीच अभिलेखागाराला कळवलं. विशेष वकिलांनी २०२४ च्या अहवालात जाणूनबुजून कागद ठेवल्याचा पुरावा असल्याचं नोंदवलं, पण तो दोषसिद्धीला पुरेसा नाही म्हणून खटला भरला नाही. ट्रम्प यांच्याकडे अभिलेखागाराने महिनोन्महिने मागणी केली, तेव्हा जानेवारी २०२२ मध्ये १५ खोकी आली. मे महिन्यात समन्स निघालं, जूनमध्ये आणखी ३८ गोपनीय कागद आले. ऑगस्टच्या झडतीत तरीही शंभराहून अधिक सापडले. २०२३ मध्ये आरोपपत्र झालं. ट्रम्प यांनी आरोप नाकारले. जुलै २०२४ मध्ये न्यायाधीशांनी विशेष वकिलांची नेमणूकच अवैध ठरवून खटला काढून टाकला. म्हणजे कागदांबाबतच्या दोषाचा निवाडा झालाच नाही.

कोणी म्हणेल, कागद तर तिघांकडेही सापडले, मग फरक कसला? इथे आपल्याला याज्ञवल्क्यस्मृतीतलं उपनिधिप्रकरण उपयोगी पडतं. उपनिधी म्हणजे बंद करून, आत काय आहे ते न सांगता सोपवलेली ठेव. ती जशी घेतली तशीच परत द्यायची. चोराने, राजाने किंवा दैवाने नेली तर सांभाळणारा दोषी नाही. पण मालकाने मागितली, याने दिली नाही आणि मग ती नष्ट झाली, तर भरपाई आणि वर तेवढाच दंड. स्वतःच्या इच्छेने ती वापरली तरीही दंड. म्हणजे ठेव मागितली गेली की सांभाळणाऱ्याची जबाबदारी बदलते. तोवर विसर, गोंधळ, सामान बांधणाऱ्याची चूक असं काहीही सांगता येतं. मागणीनंतर न देणं ही मात्र निवड असते.

एक आक्षेप रास्त आहे. सरकारं नको तेवढ्या कागदांवर गोपनीयतेचा शिक्का मारतात, आपली लाज झाकायलाही मारतात. मग असा कागद परत का करावा? आम्हाला वाटतं, त्यामुळेच करावा. अभिलेखागारात गेलेला कागद आज ना उद्या खुला करण्याची रीत आहे, तो मागता येतो, त्यासाठी भांडता येतं. निक्सन यांच्या फिती आज कोणालाही ऐकता येतात, त्या सरकारी ताब्यात राहिल्या म्हणून. कोणाच्या तळघरातल्या खोक्यातला कागद मात्र सरकारच्याही हाती नाही आणि लोकांच्याही नाही.

तेव्हा पद सोडणाऱ्याने खोकी बांधण्याआधी ती उघडून बघावीत, स्वतःच्या टिपणांसकट. शंका असेल तो कागद आधी सोपवावा, आपला हक्क असेल तर मग मागून घ्यावा. या क्रमात कोणाचंच फारसं नुकसान होत नाही. उलट क्रमात होणारं नुकसान कधी कधी भरून येत नाही, कारण त्या कागदात एखाद्या खबऱ्याचा जीव गुंतलेला असू शकतो.