छोट्या हत्तीचा माहूत

माळशेज घाटाच्या वाटेवर टोकावड्याला घटकाभर थांबलात, तर भाजीच्या पाट्या नाहीतर सिमेंटच्या गोण्या घेऊन धावणारा ‘छोटा हत्ती’ दिसतोच. कंपनीच्या दप्तरी त्याचे नाव ‘टाटा एस’.

तो घडला तो काळ बरा नव्हता. २०००-०१ साली टेल्कोला सुमारे ५०० कोटींचा तोटा झाला. त्याच सुमारास, डिसेंबर २००० मध्ये, या लहान ट्रकचे काम गिरीश वाघ या जेमतेम तिशीतल्या इंजिनिअरकडे आले.

गटप्रमुख झालेला चांगला कारागीर बहुधा दुसऱ्याच्या हातातली पेन्सिल काढून घेतो. हे काम आपल्यालाच अधिक जमते, ही खात्री त्याला नडते. वाघ आणि त्यांचे सहकारी मात्र आधी टेम्पो-रिक्षावाल्यांकडे गेले. विचारायचे होते वजन, भाडे, डिझेल. उत्तर भलतेच मिळाले. तीनचाकीवाल्याला चार चाके हवी होती, कारण चार चाकांच्या मालकाला गावात मान आणि लग्नाच्या बाजारात भाव!

आता हा मान कागदावर उतरवायचा कसा? चार चाके ठरली. पण किंमत तीनचाकीच्या आसपासच हवी. मग इंडिकाच्या चार सिलिंडरच्या इंजिनाचे निम्मे करून दोन सिलिंडरचे, ७०२ सी.सी.चे डिझेल इंजिन केले. निम्मे इंजिन म्हणजे थरथर आलीच. कात्री आरामाला लावायची की किमतीला, हे अखेर कोणीतरी ठरवावेच लागते, आणि ती खुर्ची आमच्या मते इथेच टोचते.

मे २००५ मध्ये गाडी सव्वादोन लाखांच्या आसपास बाजारात आली. पाठोपाठ नॅनोचे कामही वाघांकडेच गेले.