पावसात मुरलेली कॉफी

दापोडे म्हणजे गोडाऊनचं गाव. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर माल ठेवायचा आणि लागेल तसा शहरात न्यायचा, या हिशेबानं भिवंडीचा हा पट्टा वाढला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, गोडाऊन मात्र राहिले. पावसाळ्यात इथे एकच धास्ती असते, ती म्हणजे ओल. खोकी पॅलेटवर, भिंतीपासून लांब. इन्स्टंट कॉफी असेल तर बघायलाच नको! ती पावडर हवेतलं पाणी असं ओढते की झाकण सैल राहिलं तर डबीत दगड. (होस्टेलच्या प्रत्येक कपाटात असा एक सापडेल.)

पण मंडळी, याच किनाऱ्यावर खाली मंगळूरकडे असेही गोडाऊन आहेत, जिथे कॉफीला मुद्दाम ओल लावतात! तिचं नाव मॉन्सून्ड मलबार. पूर्वी आपली कॉफी शिडाच्या जहाजातून युरोपला जायची. प्रवासाला कित्येक महिने लागत. तेवढ्यात खाऱ्या दमट हवेनं बिया फुगून फिकट होत, आणि तिकडच्या लोकांना तीच चव आवडू लागली. पुढे आगबोटी आल्या, १८६९ मध्ये सुएझ कालवा झाला, प्रवास आटोपशीर झाला आणि ती चव गेली. गिऱ्हाईक कुरकुरायला लागलं. मग जहाजात आपोआप होत होतं ते किनाऱ्यावर करायचं ठरलं.

जून ते सप्टेंबर, बाजूनं उघड्या गोडाऊनमध्ये बियांचा पातळ थर पसरतात आणि सारखा दाताळ्यानं खालवर करतात. पाऊस अंगावर येऊ द्यायचा नाही, नुसतं वारं लागू द्यायचं. मग सैल पोत्यांत भरून, पोत्यांमध्ये फट ठेवून थप्पी लावतात. हलवाहलव चुकली की बुरशी आलीच, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. जमलं तर हिरवट बी पिवळट सोनेरी होतं, जवळपास दुप्पट फुगतं. आंबटपणा जवळजवळ जातो, चव जड आणि मातकट होते. एस्प्रेसोच्या मिश्रणात ती चालते ती यासाठीच.

आपल्या मगातली गोष्ट वेगळी. स्वस्त इन्स्टंटमध्ये बहुधा रोबस्टा असते: कडू, आणि अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफीन. शिवाय चिकोरी, म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. त्यात कॅफीन अजिबात नाही. मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी असा नियम आहे. म्हणजे सबमिशनच्या रात्री जागायला घेतलेल्या पाकिटात ४९ टक्क्यांपर्यंत मूळच असू शकतं. प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं, बारीक अक्षरात.