1988 चा तो कप कुणाचा? एका फुटबॉल क्लबचा इतिहास आणि संशोधनातलं 'एकक'

सिनॉप्सिसमध्ये आपण सगळे एक वाक्य अगदी सहज लिहून जातो: 'प्रस्तुत संशोधनात अमुक संस्थेच्या इतिहासाचा अभ्यास केला जाईल.' संस्था कधी शाळा असते, कधी कामगार संघटना, कधी एखादं मासिक. मग काळ ठरतो, साधनं ठरतात, प्रकरणं पडतात. पण 'अमुक संस्था' म्हणजे नेमकं काय, आणि या सगळ्या काळात ती *तीच* संस्था होती हे कशावरून, हा प्रश्न बहुतेक वेळा कुणी विचारतच नाही. विचारला जातो तो आरआरसीसमोर किंवा थेट व्हायव्हात. तेव्हा तो महागात पडतो.

पद्धतिशास्त्राच्या पुस्तकांत याला 'विश्लेषणाचं एकक' म्हणतात. व्याख्या पाठ करून ते फारसं कळत नाही, म्हणून आज एकच उदाहरण नीट उलगडून बघू: लंडनचा विम्बल्डन फुटबॉल क्लब. विम्बल्डन म्हटलं की आपल्याला टेनिस आठवतं, पण फुटबॉलवाल्यांसाठी त्या नावामागे वेगळीच गोष्ट आहे.

आधी गोष्ट

1889 साली विम्बल्डनमधल्या एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी 'विम्बल्डन ओल्ड सेंट्रल्स' नावाचा हौशी क्लब काढला. पुढे नाव नुसतं 'विम्बल्डन' झालं. 1912 पासून प्लाऊ लेन हे त्यांचं मैदान. बरीच वर्षं हा क्लब हौशी खेळाडूंचाच होता. 1963 साली त्यांनी हौशी क्लबांचा एफए अमॅच्युअर कप जिंकला आणि 1964 मध्ये क्लब व्यावसायिक झाला. 1977 ला फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळाला, तोही सगळ्यात खालच्या विभागात. तिथून अवघ्या नऊ वर्षांत, म्हणजे 1986 ला, ते पहिल्या विभागात पोचले.

मग आला 14 मे 1988. वेम्ब्लीवर एफए कपची अंतिम लढत, समोर त्या वर्षीचा लीगविजेता लिव्हरपूल. लॉरी सांचेझने गोल केला, गोलरक्षक डेव्ह बीसंटने जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी अडवली आणि विम्बल्डन 1-0 ने जिंकलं.

इथवर गोष्ट सरळ आहे, गुंता पुढे सुरू होतो. 1989 च्या हिल्सबरो दुर्घटनेनंतर वरच्या विभागांतल्या क्लबांना प्रत्येक प्रेक्षकाला बसायला खुर्ची असलेलं स्टेडियम सक्तीचं झालं. जुन्या, छोट्या प्लाऊ लेनवर ते जमण्यासारखं नाही असं म्हणत 1991 साली क्लब क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कवर भाडेकरू म्हणून गेला. तात्पुरतं म्हणून गेले आणि बारा वर्षं तिथेच राहिले. मधल्या काळात मालक बदलले, आणि 2000 साली क्लब प्रीमियर लीगमधून खाली घसरला. 2001 मध्ये व्यवस्थापनाने जाहीर केलं की क्लब मिल्टन कीन्सला नेणार. मिल्टन कीन्स हे 1967 नंतर नियोजनातून उभं राहिलेलं नवं शहर, विम्बल्डनपासून साधारण 90 किलोमीटरवर. तिथे लीगमधला एकही क्लब नव्हता.

चाहते खवळले. प्रकरण तीन सदस्यांच्या स्वतंत्र आयोगापुढे गेलं आणि 28 मे 2002 ला आयोगाने दोन विरुद्ध एक अशा मतांनी स्थलांतराला परवानगी दिली. त्यानंतर काही आठवड्यांतच चाहत्यांनी स्वतःचा नवा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन. विम्बल्डनच्या माळावर खुल्या चाचण्या घेऊन संघ निवडला आणि लीगच्या कित्येक पायऱ्या खाली, एका स्थानिक स्पर्धेत खेळायला सुरुवात केली.

जुना क्लब 2003 च्या जूनमध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला, सप्टेंबरमध्ये मिल्टन कीन्सला पोचला. 2004 मध्ये नव्या मालकाच्या नव्या कंपनीने तो घेतला आणि नाव ठेवलं मिल्टन कीन्स डॉन्स.

आता प्रश्न: 1988 चा कप कुणाचा? 1889 पासूनचा इतिहास कुणाचा?

उत्तर निकषावर ठरतं

भावनेच्या भरात उत्तर द्यायला सगळेच तयार असतात. संशोधक म्हणून आपलं काम जरा वेगळं आहे. 'तोच क्लब' म्हणजे काय याचे शक्य ते निकष आधी मांडायचे आणि प्रत्येक निकष कालरेषेवर चालवून बघायचा. चला, बघू.

*एक, कायदेशीर कंपनी.* हा निकष लावला तर जुनी कंपनी बुडाली आणि मालमत्ता नव्या कंपनीकडे गेली. म्हणजे 1889 चा धागा दोन्हीकडे तुटतो. एमके डॉन्स ही नवी कंपनी, एएफसी विम्बल्डन हीसुद्धा नवीच.

*दोन, लीगमधली जागा.* हा निकष लावला तर धागा सरळ मिल्टन कीन्सला जातो. 1977 ला मिळवलेली लीगमधली जागा हातोहात एमके डॉन्सकडे आली. एएफसी विम्बल्डनला मात्र ती नव्याने कमवावी लागली. नऊ हंगामांत पाच वेळा बढती मिळवून ते 2011 ला फुटबॉल लीगमध्ये पोचले.

*तीन, ठिकाण.* इथे एक गंमत आहे. ठिकाण हाच निकष धरला तर क्लब 2003 मध्ये नाही, 1991 मध्येच तुटला! कारण प्लाऊ लेन तेव्हाच सुटलं होतं. आणि मग 3 नोव्हेंबर 2020 ला, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर बांधलेल्या नव्या प्लाऊ लेनवर एएफसी विम्बल्डन खेळायला उतरला, तेव्हा धागा पुन्हा जुळला असं म्हणावं लागेल.

*चार, माणसं, म्हणजे चाहते आणि त्यांची स्मृती.* हा निकष लावला तर धागा बऱ्यापैकी स्पष्टपणे एएफसी विम्बल्डनकडे जातो. 2002-03 च्या हंगामात सेलहर्स्ट पार्कवर रॉदरहॅमविरुद्धच्या सामन्याला अवघे 849 प्रेक्षक होते, आणि स्थानिक स्पर्धेत खेळणाऱ्या नव्या क्लबच्या घरच्या सामन्यांना सरासरी तीन हजारांवर लोक येत होते.

म्हणजे निकष चार आणि उत्तरंही चार. यातलं एकही खोटं नाही. पण निकष न सांगता 'क्लबचा इतिहास 1889 पासून' असं लिहिलं, की तुम्ही नकळत एका बाजूचे वकील झालात.

आकडे आपोआप उत्तर देत नाहीत

चौथ्या निकषातला 849 चा आकडा इतका बोलका आहे की तिथेच थांबावंसं वाटतं. पण जरा थांबून विचारा, हा आकडा नेमकं काय सिद्ध करतो? लोक कुठे गेले, हे. क्लब म्हणजे लोकच, हे तो सिद्ध करत नाही. ते आपण आधीच गृहीत धरलेलं असतं. पुरावा आणि व्याख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्याख्येची जबाबदारी पुराव्यावर ढकलता येत नाही.

साधनांचंही तसंच. कंपनी नोंदणीची कागदपत्रं कंपनीचा इतिहास सांगतात, लीगची कोष्टकं जागेचा, चाहत्यांची पत्रकं समुदायाचा. प्रत्येक साधन आपलं एकक सोबत घेऊनच येतं. ज्या साधनापासून तुम्ही सुरुवात करता, त्याचं एकक गुपचूप तुमचं होऊन बसतं. दप्तर हाताशी आहे म्हणून दप्तराचीच व्याख्या आपली, असं होऊ देऊ नका.

उलटी केस शोधा

एखादा निकष खरंच किती वजनाचा आहे हे तपासायचं असेल तर बरोबर उलट घडलेलं उदाहरण शोधायचं. विम्बल्डनच्या बाबतीत लीगमधली जागा टिकली, पण ठिकाण आणि चाहते तुटले. ग्लासगोच्या रेंजर्सचं 2012 मध्ये नेमकं उलटं झालं. जुनी कंपनी परिसमापनात गेली, नवी कंपनी आली, वरच्या लीगमधली जागा गेली आणि चौथ्या पायरीवरून सुरुवात करावी लागली. पण आयब्रॉक्स मैदान तेच, नाव तेच, चाहते तेच. रेंजर्सचे चाहते म्हणतात क्लब तोच आहे. विरोधक, विशेषतः सेल्टिकवाले, म्हणतात हा नवा क्लब.

तिसरं उदाहरण आर्सेनलचं. 1913 साली हा क्लब दक्षिण-पूर्व लंडनच्या वुलिचमधून थेम्स ओलांडून उत्तरेला हायबरीत आला. आज आर्सेनलचा इतिहास 1913 पासून मोजा असं कुणी म्हणत नाही. म्हणजे नुसतं स्थलांतर झालं म्हणून धागा तुटतोच असं नाही.

तिन्ही उदाहरणं शेजारी ठेवली की चांगला संशोधन प्रश्न आपसूक तयार होतो. 'तोच क्लब कोणता?' हा तो प्रश्न नाही. 'सातत्याचा दावा कोण करतं, कशाच्या आधारावर, आणि तो दावा कधी मान्य होतो?' हा आहे. पहिल्या प्रश्नावर कट्ट्यावर भांडता येतं, दुसऱ्यावर पीएचडी करता येते.

दावा मान्य कसा होतो

विम्बल्डनच्या बाबतीत याचं उत्तर कागदावर सापडतं. एमके डॉन्सने सुरुवातीला जुना इतिहास आपलाच मानला होता. चाहत्यांच्या संघटनांनी तो मान्य केला नाही. अखेर वाटाघाटी झाल्या आणि 2007 मध्ये एफए कपच्या प्रतिकृतीसह जुन्या क्लबचा ठेवा मर्टन बरोच्या कौन्सिलकडे सोपवला गेला. विम्बल्डन याच बरोमध्ये येतं. आज एमके डॉन्स आपली सुरुवात 2004 पासून मोजतो.

यात बारकावा बघा. ठेवा थेट एएफसी विम्बल्डनच्या मालकीचा झाला नाही, तो त्या *जागेच्या* स्थानिक संस्थेकडे गेला. म्हणजे वाद चाहते विरुद्ध कंपनी असा होता आणि तोडगा मात्र ठिकाणाच्या निकषावर निघाला. इतिहास कुणाचा हे इथे कोर्टाने ठरवलं नाही आणि इतिहासकारांनीही नाही. ते ठरलं वाटाघाटीतून. संस्थेचं सातत्य ही आयती सापडणारी वस्तू नसते, माणसं ते घडवतात. ते कसं घडवलं गेलं हे दाखवणं हेच अभ्यासकाचं काम.

याचा अर्थ 'सगळंच सापेक्ष, काहीही लिहा' असा मात्र नाही. 1988 चा कप मिल्टन कीन्स शहरातल्या संघाने जिंकला, हे विधान कुठल्याही निकषावर चूकच आहे. निकष सांगितल्याने पुराव्याची शिस्त ढिली होत नाही. आपण काय तपासतोय हे वाचणाऱ्याला कळतं, इतकंच.

हे तुमच्या विषयात कुठे येईल?

फुटबॉलशी संबंध नसेल तरी येईल. महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांची आकडेवारी वापरणाऱ्यांनी तर हे लिहून भिंतीवर लावावं. 2011 च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या एक कोटी दहा लाखांच्या पुढे होती. 1 ऑगस्ट 2014 ला त्यातून पालघर वेगळा झाला. 'ठाणे जिल्हा' या एकाच नावाखाली आधीचे आणि नंतरचे आकडे जोडून आलेख काढलात, तर तो आलेख लोकांबद्दल काही सांगणार नाही, सीमारेषेबद्दल सांगेल. नाव तेच राहिलं आणि एकक बदललं.

सरावासाठी एक घरचं उदाहरण देतो. कोलकात्याचा मोहन बागान, स्थापना तीच, 1889. 2020 मध्ये त्याचा फुटबॉल विभाग इंडियन सुपर लीगमधल्या एटीके क्लबशी जोडला गेला आणि संघाचं नाव झालं एटीके मोहन बागान. चाहत्यांनी 'एटीके काढा' म्हणून मोहीम चालवली आणि 2023 मध्ये नाव बदलून मोहन बागान सुपर जायंट झालं. एटीकेने त्याआधी जिंकलेली सुपर लीगची तीन विजेतेपदं आता कुणाच्या खात्यात धरायची? वरचे चार निकष कालरेषेवर चालवून बघा. उत्तरापेक्षा, कुठल्या निकषावर तुम्ही अडखळता ते टिपून ठेवा.

आणि सिनॉप्सिस लिहिताना निदान तीन वाक्यं घाला:

1. या अभ्यासात 'संस्था' म्हणजे मी काय धरतो किंवा धरते.
2. हाच निकष का. माझ्या प्रश्नाला तो कसा लागू पडतो. आर्थिक इतिहासाला कंपनी चालेल, सामाजिक इतिहासाला समुदाय लागेल.
3. दुसरा निकष घेतला असता तर निष्कर्षात काय बदललं असतं.

तिसरं वाक्य लिहायला सगळ्यात अवघड जातं. पण तेच लिहून झालेलं असलं की गाईडचा, समितीचा आणि व्हायव्हातल्या बाहेरच्या परीक्षकाचा नेहमीचा प्रश्न, 'हे तुम्ही कशावरून ठरवलं?', त्याचं उत्तर तुमच्याकडे तयार असतं.