दादीच्या बटव्यातले कलदार

2020 च्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये आठव्या एडवर्डचे एक सोन्याचे सॉव्हरिन दहा लाख पौंडांना विकले गेले. अशा बातम्या मोबाइलवर फिरतात तेव्हा उमरीतही ट्रंका उघडल्या जातात. मुले वर्गात नाणी आणून आम्हाला विचारतात, "सर, याचे किती येतील?"

आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता. चारमिनारचे चित्र असलेला हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार, दोन्ही आपल्या वडीलधाऱ्यांनी हाताळले. सहा कलदारांना साधारण सात हाली, असा हिशेब असे. निकाहात आपण 'सिक्का राइजुल वक्त' ऐकतो, म्हणजे त्या काळी चालणारे नाणे. अनेक घरांत जुनी नाणी जपली गेली ती मेहर किंवा दागिन्यांसोबतच.

कलदाराचे वजन एक तोळा, म्हणजे 11.66 ग्रॅम. 1940 पूर्वीच्या रुपयात सुमारे 92 टक्के चांदी होती, नंतर निम्मी झाली आणि 1947 चा रुपया निकेलचा निघाला. म्हणून आधी साल पाहावे. बहुतेक कलदार कोट्यवधींच्या संख्येने पाडले गेले. त्यांना चांदीपेक्षा थोडेच जास्त मिळते. लिलावात बोली चढते ती दुर्मिळ आणि न झिजलेल्या नाण्यावर. 1939 चा रुपया तसा आहे. 1911 चाही. त्यावर पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी तक्रार झाली. मुसलमानांच्या भावना दुखावल्या, सरकारने बहुतेक नाणी परत वितळवली आणि 1912 मध्ये चित्र सुधारले. जी थोडी बाहेर राहिली, त्यांना आज शौकीन शोधतात.

आता काही सावधगिरी. नाणे चिंच किंवा राखेने घासू नका, चकाकी आली तरी किंमत उतरते. एकाच सराफावर विसंबू नका, मुंबईत नाण्यांचे रीतसर लिलाव होतात, तिथला भाव विचारा. "आधी फी भरा, मग लाखो देतो" म्हणणारा ठग समजा. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्येच सांगितले आहे की आपल्या नावाने अशी फी कोणी मागू शकत नाही. शेतात नाण्यांचे हंडे सापडले तर ते लपवणे गुन्हा आहे, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

जकातीचेही लक्षात ठेवा. चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे, म्हणजे जवळपास 53 कलदारांचे वजन. नेमका हिशेब आलिमांना विचारा.

आणि सर्वांत आधी एक प्रश्न: नाणी कोणाची? मेहरात मिळालेली असतील तर ती दादीची मिल्कियत आहे. ती हयात असेल तर तिच्या इजाजतीशिवाय नातवाने भाव विचारायलाही नेऊ नयेत. ती गेली असेल तर मुलींचाही वाटा आहे. लिलावात भाव कितीही येवो, हा हिस्सा आधी काढावा.