नर्सिंगनंतर वाचा-उपचार शिकायचे तर

तीन वर्षांचं पोर बोलत नसलं, तर आमच्या गंगापुरात म्हणतात, 'बापही उशिराच बोलला होता.' अर्धांगवायूनं वाचा गेलेला माणूस तर गोळ्या घेऊन घरी जातो आणि गप्पच राहतो. वॉर्डात हे बघत चाळिशी आली. वाटलं, आपणच वाचा-उपचार शिकावं.

जीएनएमच्या जोरावर थेट एम.एस्सी.ला बसता येईल, हा माझा भ्रम. त्याआधी बीएएसएलपी ही ४ वर्षांची पदवी लागते, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. आणि त्या पदवीला बारावी विज्ञान हवी. माझी कला शाखा. जीएनएमला चालली, इथे नाही. दहावीत कुणी सांगितलं असतं तर!

ज्या नर्सताईंची बारावी विज्ञानाची आहे, त्यांनी जरूर चौकशी करावी. वांद्र्याची अली यावर जंग संस्था (१९८३) आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था (१९६५), दोन्हीकडे पदवीही आहे, पदव्युत्तरही. मुलींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरतात. महाराष्ट्रात शिकताना शासकीय वसतिगृह मिळालं नाही, तर अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी स्वाधार योजना आहे. जातीचा व उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

माझ्या भाचीनं अकरावीला विज्ञान घेतलंय. तिचा अर्ज मीच भरणार आहे.